आमची आत्ती आणि 'मितभाषी'

गेल्या महिन्यात आमची बेळगावजवळच्या येळ्ळूरची आत्ती गेली, ८४ वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. आमच्याकडं पेपर उघडला की आधी निधनवार्ताच बघतात, रक्षाविसर्जन कधी ते कळाय नको काय? तर त्यात लिहिलेलं, "त्या अत्यंत प्रेमळ, मनमिळाऊ व मितभाषी होत्या."

मितभाषी! अहो, अख्खी गल्ली तिच्या तोंडाला घाबरायची. बासमतीच्या रोपात कुणाचं म्हसर शिरलं की ती बांधावरनं सुरू व्हायची ते पार वडगावात ऐकू जायचं.

चौकशी केली तर तिच्याच नातवानं चॅटजीपीटीला नाव, वय, पोरंबाळं सांगितली आणि आलं ते व्हॉट्सअपवर पाठवून दिलं, पेपरवाल्यांनी तसंच छापलं. यंत्राचा तरी काय दोष म्हणा, पुढं कुठला शब्द यायची शक्यता जास्त ते बघून ते लिहितंय, आणि मराठीत गेलेलं माणूस प्रेमळच असतंय.

पूर्वीचे आमचे गावातले वार्ताहर आठवले. कुणी गेलं की येऊन पायरीवर बसायचे, चहा नको म्हणायचे, लेकी कुठं कुठं दिल्यात विचारायचे, एक चंदगडला, एक निपाणीला, सगळं वहीत उतरवायचे आणि पाकीट बेळगावच्या बसमधे कंडक्टरकडं. मानधनाचं तर बोलूच नका. त्यांनी आत्तीबद्दल 'स्पष्टवक्त्या' लिहिलं असतं आणि गावाला बरोब्बर कळलं असतं काय म्हणायचंय ते.

एआय नकोच असं माझं म्हणणं नाही हां. कानडीतली प्रेसनोट आता दोन मिनिटांत मराठीत होते, आधी कानडी वाचणारा शोधत फिरायला लागायचं. आणि दोन भाषा आपल्याला काय नव्या, बाळशास्त्री जांभेकरांचं १८३२ चं 'दर्पण' पण मराठी-इंग्रजी शेजारी शेजारीच छापायचे की. फक्त परवा असल्याच एका भाषांतरात नंदिहळ्ळी गावाचं 'नंदी गाव' झालेलं, कानडीत हळ्ळी म्हणजे गाव ना! पाठवायच्या आधी एकदा वाचायला काय जातंय? २०२३ मधे ओडिशात आणि आपल्या कर्नाटकात पण चॅनेलवर एआय अँकर आणल्या, त्यांना बघून तर मला काहीच वाटलं नाही, आधीचे तरी कुठं श्वास घेऊन बोलायचे.

रक्षाविसर्जनाला नातू तोंड बारीक करून म्हणाला, "काका, दुरुस्ती छापायला सांगू काय?"

म्हटलं काय सांगणार, 'मितभाषी नव्हत्या' म्हणून?

धाकटी लेक रडता रडता हसायलाच लागली. म्हणाली, "आई असती तर पेपरच्या हापिसात जाऊन भांडून आली असती."