हँडवॉशमध्ये पाणी घालण्याविषयीच्या आक्षेपाला उत्तर

ताई, सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. हँडवॉश पातळ करून वापरणे म्हणजे चार पैशांसाठी आरोग्याशी खेळणे होय, पातळ साबणाने हात स्वच्छ होत नाहीत आणि फोंड्याला आपल्या बहिणीकडे अशा बाटलीला पावसाळ्यात घाण वास आला, असे आपण लिहिले आहे. वासाची तक्रार रास्त आहे. बाकीचे मात्र मला मान्य नाही.

हँडवॉशमध्ये मुळातच सर्वांत मोठा वाटा पाण्याचा असतो. ते नासू नये म्हणून घातलेले परिरक्षक त्या मिश्रणाच्या हिशेबाने बेतलेले असते, त्यामुळे आपण निम्मे पाणी ओतले की त्याचा जोरही निम्म्यावर येतो आणि ओलाव्यात वाढणाऱ्या जिवाणूंना, विशेषतः विहिरीचे न उकळलेले पाणी वापरले असेल तर, रान मोकळे मिळते. म्हणून चार-पाच दिवस पुरेल एवढाच साबण, उकळून गार केलेल्या पाण्यात, धुऊन कोरड्या केलेल्या बाटलीत कालवावा, आणि उरलेल्यावर नवा कधीही ओतू नये. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २००२ साली रुग्णालयांसाठी काढलेल्या हातांच्या स्वच्छतेच्या सूचनांतही अर्धवट रिकाम्या बाटलीत साबण भरू नये, असे स्पष्ट म्हटले आहे.

खरी बचत मात्र पाण्यात नाही, पंपात आहे. पूर्ण दाबला की एका वेळच्या हात धुण्याला लागतो त्याहून अधिक साबण तळहातावर येतो. पंपाच्या मानेला, डोक्याच्या खालच्या दांड्यावर, रबरबँडचे काही वेढे घट्ट गुंडाळले की तो अर्ध्यावरच अडतो. पाहुणे आले, मुलांनी जोरात दाबला, तरी साबण मापातच पडतो. ज्यांना पाणी घालण्याचीच धास्ती वाटते त्यांनी एवढेच करावे.

दाटपणा म्हणजे मळ काढण्याची ताकद, हा समज पुष्कळांचा आहे. दाटपणा बहुधा मिठाने आणलेला असतो. मळ सुटतो तो फेस आणणाऱ्या द्रव्यांनी आणि चोळण्याने. हात आधी ओले करून, नखांच्या कडा व बोटांच्या बेचक्यांसह २० सेकंद चोळले, तर थोडा साबणही पुरतो. बांगडे किंवा तारले साफ केल्यावर मात्र हाताला तेल असते, तेव्हा न पातळ केलेला साबण घ्यावा. तिथे हात आखडण्यात अर्थ नाही.

साबण स्वस्त आहे, हे आपले म्हणणे खरे. पण जास्तीचा फेस धुवायला जास्तीचे पाणी लागते, आणि मे महिन्यात विहीर तळाला गेलेली असताना ते जाणवते. शिवाय आपल्याकडे अनेक घरांतले न्हाणीचे पाणी थेट माडाच्या आळ्यात जाते, म्हणजे जास्तीचा साबणही तिथेच जातो.

बहिणीच्या बाटलीतला साबण मात्र आता हातांना लावू नये. तो ओतून टाकावा, बाटली गरम पाण्याने धुवावी, तेच पाणी पंपातून काही वेळा काढावे, आणि नळीसुद्धा पूर्ण वाळल्यावरच नवा साबण भरावा.