लॉटरीच्या तिकिटातला निम्मा डॉलर डोंगरांना मिळत नाही

गेले काही महिने अमेरिकेतल्या आणि महाराष्ट्रातल्या मराठी गटांमध्ये एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा: कोलोरॅडो राज्यात लॉटरीच्या तिकिटाचे निम्मे पैसे निसर्गाला मिळतात, तिथली उद्याने त्यावरच चालतात, करदात्याला काडीचाही भार पडत नाही, दूरदृष्टीच्या आमदारांनी ही सोय करून ठेवली आहे, आणि महाराष्ट्राने आपल्या राज्य लॉटरीबाबत उद्याच हे करावे. मी डेन्व्हरजवळ राहते, या पैशातून राखलेल्या जमिनींवरच्या पायवाटांवर नेहमी चालते आणि या व्यवस्थेबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच तिच्याविषयी चुकीचे काही पसरलेले मला बघवत नाही.

आधी निम्म्या पैशांचे पाहू. 'निम्मे' हा शब्द कुठून आला ते समजते, पण तो तिकिटाच्या किमतीला लागू नाही. विक्रीतले ६० टक्क्यांहून अधिक पैसे बक्षिसांत जातात. दुकानदाराचे कमिशन, छपाई, जाहिरात आणि कार्यालयाचा खर्च वजा केला की डॉलरमागे साधारण २० ते २२ सेंट उरतात. या उरलेल्या रकमेची वाटणी कोलोरॅडोच्या स्वतःच्या राज्यघटनेने ठरवून दिली आहे: ४० टक्के गावे, शहरे आणि काउंट्यांना (आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांना) लोकसंख्येच्या प्रमाणात, १० टक्के राज्य उद्यानांना, आणि ५० टक्क्यांपर्यंत 'ग्रेट आउटडोअर्स कोलोरॅडो', म्हणजे 'गोको', या विश्वस्त निधीला. गोकोच्या वाट्यालाही कमाल मर्यादा आहे. ती महागाईप्रमाणे वाढते आणि तिच्यावरची रक्कम मुख्यतः शाळांच्या इमारतींसाठी जाते. म्हणजे पेट्रोल पंपावर पाच डॉलरचे स्क्रॅच तिकीट (खरवडून लगेच बक्षीस पाहायचे तिकीट) घेणाऱ्याकडून या सगळ्या वाट्यांना मिळून एक डॉलरच्या आसपास पोहोचतो. जमीन वाचवण्यासाठी दान द्यायचे असेल तर पाचही डॉलर सरळ एखाद्या भूसंवर्धन न्यासाला द्यावेत. तिकीट घेणे म्हणजे दान, असे सांगणे मला गैर वाटते, आणि ज्याच्या महिन्याच्या हिशेबात ते पाच डॉलर मोठे आहेत त्याला तसे सांगणे तर फारच.

उद्याने लॉटरीवरच चालतात आणि करदाता मोकळा आहे, हेही खरे नाही. बोल्डर शहराच्या लोकांनी मोकळ्या जमिनी विकत घेण्यासाठी १९६७ मध्ये स्वतःवर विक्रीकर लादून घेतला. जेफरसन काउंटीने १९७२ मध्ये अर्ध्या टक्क्याचा कर मान्य केला. तेव्हा राज्यात लॉटरीच नव्हती. राज्य उद्यानांना प्रवेशशुल्काचा मोठा आधार असतो आणि २०२३ पासून वाहन नोंदणीसोबत घेतल्या जाणाऱ्या पासचाही. रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यान तर केंद्र सरकारचे आहे. शिवाय गोकोकडे अनुदान मागणाऱ्या गावाला सहसा आपलाही वाटा उभा करावा लागतो, आणि तो बहुधा लोकांच्या करातूनच येतो.

आमदारांच्या दूरदृष्टीचा मुद्दा मात्र इतिहास उलटा करून सांगतो. लॉटरीला मतदारांनी १९८० मध्ये परवानगी दिली आणि पहिली तिकिटे १९८३ मध्ये विकली गेली. निव्वळ उत्पन्न उद्याने, क्रीडांगणे आणि मोकळ्या जमिनींसाठी स्थानिक संस्थांना द्यावे, असे घटनेतल्या त्या तरतुदीत लिहिले होते, पण सुरुवातीलाच शब्द होते: कायद्याने अन्यथा ठरवले नसेल तर. विधिमंडळाने अन्यथा ठरवले. ऐंशीच्या दशकात या पैशातला मोठा हिस्सा तुरुंग आणि इतर सरकारी बांधकामांकडे वळला. लोकांनी ज्यासाठी मत दिले ते बाजूला पडले, म्हणून १९९२ मध्ये पुन्हा मतदान घेऊन वाटणीच घटनेत घालण्यात आली. हा पैसा सरकारच्या नेहमीच्या तरतुदीची जागा घेणार नाही, तिच्यात भर घालेल, असेही तिथे लिहिले आहे, आणि त्यातून कोणाचीही जमीन सक्तीने संपादित करता येणार नाही, असेही. आधीच्या बांधकामांची देणी मात्र त्यानंतरही काही वर्षे लॉटरीच्या पैशातूनच फेडावी लागली. इतका द्राविडी प्राणायाम लोकांना का करावा लागला, हेच त्या मजकुरातून गळले आहे.

या व्यवस्थेचे फळ पाहायचे असेल तर न्यू मेक्सिकोच्या सीमेजवळच्या ट्रिनिडाडला जावे. कोळसा खाणींचे हे जुने गाव, आणि त्याच्या डोक्यावर साडेनऊ हजार फुटांहून उंच फिशर्स पीक. सपाट माथा, काळा बेसाल्ट. मला तर पहिल्यांदा पाहिला तेव्हा सह्याद्रीतला एखादा किल्लाच समोर उभा आहे असे वाटले. गावातून तो रोज दिसायचा, पण तिथे जाता येत नसे, कारण डोंगर खासगी कुरणात होता. २०१९ मध्ये दोन भूसंवर्धन संस्थांनी ती सुमारे १९ हजार एकर जमीन विकत घेतली, त्यात गोकोचे ७२ लाख ५० हजार डॉलर होते, आणि २०२० मध्ये तिचा पहिला भाग राज्य उद्यान म्हणून उघडला.

राहिला महाराष्ट्र. आपली राज्य लॉटरी १९६९ पासून आहे, आणि १९९८ च्या केंद्रीय लॉटरी कायद्याप्रमाणे तिकीटविक्रीचे पैसे राज्याच्या लोकलेख्यात, म्हणजे 'पब्लिक अकाउंट' या सरकारी खात्यात, जमा होतात. सह्या गोळा करून घटनादुरुस्ती मतदानाला ठेवण्याचा कोलोरॅडोचा मार्ग आपल्याकडे नाही. पण ठरावीक कामासाठी पैसा राखून ठेवण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही: पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ मध्ये रोजगार हमीसाठी सुरू झाला, आणि १९७७ च्या कायद्याने त्या योजनेसाठी वेगळा निधी उभा राहिला. तेव्हा तिकिटांची विक्री वाढवा असे म्हणण्याऐवजी गायरान, टेकड्या आणि मैदानांसाठी असा निधी मागणे शक्य आहे. साधा कायदा पुढची विधानसभा बदलू शकते, हा धोका त्यात राहीलच. निदान मसुद्याच्या पहिल्या ओळीत 'कायद्याने अन्यथा ठरवले नसेल तर' हे शब्द येऊ देऊ नयेत.