अर्ध्याची वायर

गीझर बंद पडला, म्हणून माळ्यावरून पाणी तापवायचा रॉड काढला. पंधराशे वॉटचा. जाड पिनांचा पॉइंट घरात एकच, ओट्याजवळ. बादली मोरीत. मधे फार तर चार मीटर.

दुकानात दोन वायरी दाखवल्या: अडीचची आणि अर्ध्याची. म्हणजे आतल्या तांब्याचा काटछेद अडीच किंवा अर्धा चौरस मिलिमीटर. म्हटलं, विजेला काय आत पाय पसरून बसायचंय? अर्ध्याची घेतली आणि वाचलेल्या पैशांत चांगली वीस मीटर आणली. ‘कमी पडायला नको’ हे आमच्या घराण्याचं ब्रीद. उरलेली सोळा मीटर गुंडाळली, रबर लावलं, दिवाणाखाली सारली. बोर्डही माझा मीच जोडला.

दहा मिनिटांत बायको म्हणाली, "काहीतरी जळतंय."

"शेजारी असेल." वास आला की आधी शेजाऱ्यांकडे बोट दाखवावं.

मग दिवाणाखाली हात घातला. वेटोळं उकडलेल्या शेवयांसारखं लिबलिबीत झालेलं, पदर एकमेकांना चिकटलेले.

नववीतली कन्या धाराविद्युतचाच धडा घेऊन बसली होती. आरोपपत्र वाचावं तसं तिनं सुरू केलं. "लांबी वाढली की रोध, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, वाढतो. आणि बाबा, वीज जाते तशी परतही येते. म्हणजे तुझी वायर चाळीस मीटर! काटछेद पाचवा हिस्सा, म्हणून रोध पाचपट." वहीत मांडलं: रोध सुमारे 1.4 ओहम, वीजप्रवाह सव्वासहा अँपिअर. चाळीसेक वॉट उष्णता नुसत्या वेटोळ्यात!

"पण तांबं आहे ना?"

"म्हणून तर एवढ्यावर निभावलं. रॉडमध्ये नायक्रोम नावाचा मिश्रधातू असतो, त्याची रोधकता, म्हणजे तेवढ्याच लांबी-जाडीला होणारा रोध, तांब्याच्या साठपट. तापायचं काम त्याचं, वायरचं नाही. त्यात तू गुंडाळून ठेवलीस. वारा नाही, म्हणून तापली. तापली की तांब्याचा रोध अंशाला 0.4 टक्के वाढतो, म्हणून आणखी तापली."

हा सगळा हिशेब ज्यांच्या नियमावर चालतो, ते ओहमसाहेब जर्मनीत कोलोनला शाळामास्तर होते. 1827 साली त्यांनी तो नियम छापला, तेव्हा त्यांचं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. माझंही घरात कुणी मनावर घेत नाही. फरक एवढाच, की त्यांचं बरोबर होतं.

वायरमन आला, वेटोळं दोन बोटांत धरून म्हणाला, "काका, ही नाइट लॅम्पला लावतात." अडीचची पाच मीटर आणून त्यानं नवा बोर्ड करून दिला.

जुनी मी टाकली नाही. गॅलरीत तीन फेऱ्या बांधल्यात, टॉवेल वाळतात. कमी पडत नाही.