नऊ मिलिमीटरची ऐट

शोरूममध्ये जाऊन नुसतं "सेडान दाखवा" म्हणून बघा. समोरचा पोरगा आधी तुमच्या मागे घरचं कुणी शहाणं माणूस उभं आहे का ते बघतो. नसेल तर म्हणतो, "आहे ना सर, पण डिस्प्लेला नाहीये. तोवर ही बघून घ्या." ही म्हणजे कॉम्पॅक्ट एसयूव्ही, क्रॉसओव्हर, अर्बन एसयूव्ही, कूपे एसयूव्ही, दर सहा महिन्यांनी आडनाव बदलतं. चाकांच्या कमानींवर काळं प्लॅस्टिक, छतावर दोन दांड्या, तोंडावर कायम कुणाचा तरी राग. आपल्याला हवी असते साधी डिकीवाली गाडी, जिच्यात पाच माणसं पुढे आणि सामान मागे बसतं आणि दोघांची प्रवासात गाठ पडत नाही.

आम्हा डिकीवाल्यांची जमात वेगाने आटते आहे. टोयोटाची कोरोला आल्टिस 2020 मध्ये गेली, त्याच वर्षाच्या शेवटी होंडा सिव्हिक. ह्युंदाई एलान्ट्रा 2022 मध्ये, स्कोडा ऑक्टाव्हिया 2023 मध्ये, आणि 510 लिटरची डिकी घेऊन अकरा वर्षं इमानेइतबारे राबलेली मारुती सियाझ 2025 मध्ये. कॅमरीसारखी परवडण्याच्या पलीकडची सोडली, तर मोठ्यांत उरल्या सिटी, व्हर्ना, स्लाव्हिया, व्हर्टस. ही आपलीच रड नाही. अमेरिकेत फोर्डने 2018 च्या एप्रिलमध्ये तिथल्या सगळ्या सेडान हळूहळू बंद करत असल्याचं सांगून टाकलं. मोटारींमध्ये मस्टँग तेवढी राहिली.

आता ही उंच गाडी आतून काय असते ते उघडून बघू. स्कोडाची कुशाक आणि स्लाव्हिया घ्या. पहिली 2021 ची, दुसरी 2022 ची. दोघींचा सांगाडा एक, इंजिनं तीच, दोन चाकांमधलं अंतरही तेच, 2651 मिलिमीटर. पहिली एसयूव्ही, दुसरी सेडान. बाजारात आल्या तेव्हाचे कंपनीचेच आकडे: ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि रस्ता यांतलं अंतर, कुशाकचा 188 मिलिमीटर, स्लाव्हियाचा 179. फरक नऊ मिलिमीटर! ज्या खड्ड्यांच्या भीतीने सेडान नको म्हणतात, ते खड्डे नऊ मिलिमीटरने घाबरतात असा आपला समज आहे. आणि या नऊ मिलिमीटरच्या बदल्यात डिकी 521 लिटरवरून 385 वर येते. 136 लिटर म्हणजे एक मोठी ट्रॉली बॅग आणि वर मावशींनी निघताना दिलेल्या दोन पिशव्या.

मग उंची दिसते कुठून? बोनेट उभं आणि जाड केलं, छत वर नेलं, आसनं खाली खुर्ची घातल्यासारखी उचलली आणि खालच्या पट्ट्यात काळं प्लॅस्टिक लावलं. काळा भाग डोळ्याला सावलीसारखा वाटतो, त्यामुळे रंगीत गाडी प्रत्यक्षाहून वर उचललेली दिसते. मेकअपच आहे तो. छतावरच्या दांड्यांवर सामान बांधायच्या आधी गाडीचं मॅन्युअल वाचा. पुष्कळ गाड्यांत त्या शोभेच्या असतात, वजन पेलायच्या नसतात.

यात सरकारचा हातभार मोठा. 2006 च्या अर्थसंकल्पात छोट्या गाडीची व्याख्या झाली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत, डिझेल 1500 पर्यंत. त्यात बसाल तर कर कमी. झालं, सेडानच्या शेपटीवर कात्री चालली. 2008 मध्ये टाटांनी चार मीटरच्या आत बसवलेली इंडिगो सीएस आणली. त्याच वर्षी आलेली पहिली डिझायर 4160 मिलिमीटरची होती, डिकी 440 लिटर. 2012 मध्ये तीच 3995 ची झाली आणि डिकी 316 लिटरवर आली. मागून बघितलं की कुणीतरी दार लावताना गाडी मध्ये सापडली असं वाटायचं. पुढच्या पिढ्यांत अभियंत्यांनी लिटर लिटर करत ती 382 पर्यंत परत आणली, हे मानलं पाहिजे. पण चार मीटरांत चेहरा आणि डिकी दोन्ही बसवण्यापेक्षा शेपूट उडवून छत वर नेणं कंपनीला सोपं, शिवाय त्याला एसयूव्ही म्हणता येतं आणि भावही वर लावता येतो. 22 सप्टेंबर 2025 पासून या व्याख्येतल्या गाडीला जीएसटी 18 टक्के आणि तिच्याबाहेरच्या पेट्रोल-डिझेल गाडीला 40. म्हणजे पाच मिलिमीटर बाहेर आलेला बंपरसुद्धा बावीस टक्क्यांना पडतो.

उंच आसनाचा म्हणून जो मोठा फायदा सांगतात, "सर, रोडचा व्ह्यू बघा!", तो जत्रेतल्या पहिल्या रांगेसारखा आहे. पुढचे उभे राहिले की मागच्यांना उभं राहावंच लागतं, आणि मग दिसत कुणालाच नाही. आता सिग्नलला सगळेच उंच. उंच बोनेटपुढे लहान मूल उभं असेल तर दिसत नाही, म्हणून पुढेही कॅमेरा द्यावा लागतो, आणि त्याला फीचर म्हणून वेगळे पैसे. रात्री मागच्याचे दिवे उंचीवरून थेट आमच्या आरशात येतात. आपल्या हातात दोनच गोष्टी: आतल्या आरशाखालची टिकली मागे ओढून ठेवा, आणि आपल्या गाडीत मागे वजन असेल तेव्हा दिव्यांची उंची कमी करायची चकती शून्यावरून एक किंवा दोनवर आणा. स्टिअरिंगच्या उजवीकडे, शून्य ते तीन लिहिलेली ती चकती रेडिओची आहे असं समजणारे ड्रायव्हर पुष्कळ आहेत.

घाटात खरा निकाल लागतो. ताम्हिणीत मागच्या सीटवर मधे बसून बघा. गाडी उंच झाली की वजनाचा मध्यबिंदू वर जातो, वळणावर ती बाहेरच्या बाजूला जास्त झुकते. हा झोल आवरायला कंपनी स्प्रिंग आणि अँटिरोल बार कडक करते. बार डाव्या-उजव्या चाकाला जोडलेला असल्यामुळे एकच चाक खड्ड्यात गेलं की झटका दुसऱ्या बाजूलाही पोचतो आणि पाचही मुंडकी एकदम डावी-उजवीकडे हलतात. त्यातून मळमळ. ठेंगण्या गाडीला इतका कडक बार लागत नाही, म्हणून ती वळणंही निमूट घेते आणि खड्डेही. आलेपाक दोन्हीकडे ठेवावाच लागतो, क्रॉसओव्हरमध्ये जरा जास्त.

आणि कोकणातून परतताना? सेडानची डिकी म्हणजे वेगळी खोली. मधे सीटची पाठ आणि पत्रा. सुके बोंबील, पिकलेला फणस, आंब्याची पेटी, सगळं तिकडे आपापसात काय ते बघून घेतं. क्रॉसओव्हरमध्ये सामान आणि माणसं एकाच खोलीत. मधे एक पुठ्ठ्यासारखी पार्सल ट्रे, जी पहिल्या मोठ्या प्रवासातच "आत्ता नको, जागा खाते" म्हणून घरी राहते आणि पुढचं आयुष्य कपाटामागे काढते. मालवणपासून पुण्यापर्यंत बोंबील मग कुटुंबाचा सहावा सदस्य म्हणून वावरतो. एसी रीसर्क्युलेशनवर असेल तर तोच तोच वास गाळून परत मिळतो. दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन मिनिटं बाहेरची हवा घ्या.

वासाची थट्टा होऊ शकते, फणसाची नाही. पार्सल ट्रे काढून छतापर्यंत सामान रचलं आणि करकचून ब्रेक लागला की सीटच्या पाठीपेक्षा वर ठेवलेली प्रत्येक वस्तू गाडीच्याच वेगाने पुढे निघते. दहा किलोचा फणस आजीच्या डोक्यामागे ठेवू नये. जड वस्तू तळाला, सीटच्या पाठीला चिकटवून; हलक्या पिशव्या मागच्या दाराकडे; आणि पाठीच्या उंचीच्या वर काहीही गेलं तर जाळी. जाळी अडकवायचे हुक काही गाड्यांत असतात, जाळी मात्र अ‍ॅक्सेसरीजच्या बिलात असते.

सेडान निर्दोष आहे असं म्हणायचं नाही. डिकी खोल, पण तोंड अरुंद. 521 लिटरच्या डिकीतही व्हीलचेअर किंवा छोटा टीपॉय तोंडाशीच अडतो. झाकणाचे वाकडे लोखंडी हात बंद होताना आत उतरतात आणि कोपऱ्यातल्या सूटकेसला दाबतात, म्हणून कोपऱ्यात कपड्यांच्या मऊ बॅगा ठेवायच्या आणि कडक बॅगा मध्ये. आणि सीएनजी घेतलीत तर बोलायलाच नको. साठ लिटरचं एकच नळकांडं आडवं झोपतं आणि डिकीची देवळी होते. टाटांनी दोन छोटी नळकांडी तळाला लपवून टिगोरमध्ये वाट काढली, ती कल्पना उत्तम.

पोट घासतं, हेही खरं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे स्पीडब्रेकर 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, लांबलचक टेकाडासारखा हवा. आपल्या सोसायटीचे चेअरमन तो एका रात्रीत हातभर रुंद आणि वीतभर उंच करून घेतात. त्यात कंपनीचा क्लिअरन्सचा आकडा पुष्कळदा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसं आणि सामान चढलं की तीन-चार सेंटिमीटर सहज गेले. अशा उंचवट्यावर गाडी सरळ न घेता तिरकी घ्या, एकेक चाक चढू द्या. ब्रेक चढायच्या आधी सोडा, कारण ब्रेक दाबलेला असताना नाक खाली जातं आणि बंपरची ओठी घासते. उंची वाढवायला स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर कोंबणारे कोपऱ्याकोपऱ्यावर बसलेत. त्याने स्प्रिंगचा तेवढा भाग हलायचा थांबतो आणि सगळा ताण उरलेल्या वेटोळ्यांवर येतो. वॉरंटीचा वादही आलाच.

क्रॉसओव्हरच्या बाजूने मला पटणारं कारण एकच: गुडघे. सेडानमध्ये बसायचं म्हणजे खाली उतरायचं आणि उठताना दाराला धरून स्वतःला उपसून काढायचं. सत्तरीच्या माणसाला ते जमत नाही, आणि तिथे माझी सगळी वकिली संपते. मात्र म्हणून स्कॉर्पिओकडे धावायचं कारण नाही; तिथे नऊवारीतल्या आजीला गाडीत चढवणं म्हणजे दोन माणसांचं काम. आसनाची उंची आजीच्या कंबरेच्या जरा खाली हवी: पाठ करून उभं राहिलं की टेकता आलं पाहिजे, मग दोन्ही पाय उचलून आत. हे ब्रोशरमध्ये लिहिलेलं नसतं. आजीलाच शोरूममध्ये न्या आणि पुढे-मागे दोन्हीकडे बसवून उठवा. सनरूफ दाखवायला पोरगा धावेल, त्याला थांबवा.

आणखी एक: टेप घेऊन जा, पार्किंगसाठी. मुंबई-पुण्याच्या नव्या इमारतींतल्या बऱ्याच स्टॅक पार्किंगमध्ये, म्हणजे गाड्या एकावर एक ठेवतात तिथे, सेडानच्या कप्प्याची उंची 1550 मिलिमीटर असते, एसयूव्हीचे कप्पे मोजके. नेक्सॉन 1620, क्रेटा 1635, ब्रेझा 1685; तिघी बाहेर. फ्राँक्स बरोबर 1550, म्हणजे ती आत जाते की नाही हे टायरमधल्या हवेवर. होंडा सिटी 1489, वर हात फिरवायला जागा उरते.

नवी मिळेना तर जुन्या बाजारात जा. सेडानला मागणी कमी, म्हणून भाव पडलेले असतात, आणि आमच्यासारख्यांचं तिथेच फावतं. गाडी लिफ्टवर चढवूनच बघा: सायलेन्सरचे जोड, पुढच्या बंपरची खालची कड आणि स्प्रिंगमध्ये कुणी बफर घातलेत का ते. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खळग्यात हात घाला. ओल किंवा गंज असेल तर बहुधा दिव्यांच्या रबरातून पाणी येतंय. आरसी बुकात गाडी कधी टॅक्सी पासिंगची होती का ते तपासा, कारण पिवळी पाटी काढून पांढरी लावलेल्या पुष्कळ निघतात. शेवटी मागच्या डाव्या सीटवर बसा. ती सर्वांत जास्त दबलेली असेल आणि मालक म्हणत असेल, "एकटाच ऑफिसला न्यायचो," तर मग मागे बसून ऑफिसला कोण जायचं, एवढंच विचारा.