पश्चात्ताप कुणी करायचा, आणि नेमका कसा? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

भाऊ, सलाम.

संकटाच्या दिवसांआधी पश्चात्ताप आणि समर्पण करण्याबद्दलच्या लेखावर तुम्ही चिडून लिहिलंत. तुमचं म्हणणं असं: बोंडअळी, अवकाळी आणि पडलेला भाव यांनी मोडलेल्या माणसाला ‘पश्चात्ताप कर’ म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं. पाप सावकाराचं, मग मन शेतकऱ्यानं का पालटायचं? आणि समर्पण म्हणजे हात जोडून गप्प बसण्याचा धडा. शेवटी एक प्रश्नही विचारलात, त्याच्याकडे शेवटी येतो.

पहिल्या मुद्द्यात चूक आमची आहे. मे २०२० मध्ये अमरावती, वर्धा, नागपूर जिल्ह्यांत उतरलेली टोळधाड आम्ही बायबलमधल्या योएल संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या टोळांशी अशी जोडली की वाचणाऱ्याला ती शिक्षाच वाटावी. पण टोळ कोणत्या पापामुळे आले, हे योएल कुठंच सांगत नाही. तो लोकांना परत फिरायला सांगतो, आणि कपडे नको, हृदय फाडा म्हणतो. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली तेव्हा येशूनंही हेच केलं (लूक १३). ती माणसं यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती का? नाही, असं त्यानं सरळ सांगितलं. पुढचं वाक्य मात्र ऐकणाऱ्यांना होतं: पश्चात्ताप तुम्ही करा. मेलेल्याचा हिशेब त्यानं मांडला नाही, जिवंत माणसाला त्याच्या स्वतःच्या हिशेबाकडे वळवलं. लेखातलं ते वाक्य काढून टाकलं आहे.

पण म्हणून पश्चात्ताप फक्त सावकारासाठी उरतो, हे आम्हाला पटत नाही. मूळ ग्रीक शब्द मेतानोइया, म्हणजे मन पालटणं. हिब्रूत शूव, म्हणजे वाट सोडून मागे फिरणं. दोन्हींत रडणं सक्तीचं नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला लोकांनी ‘आम्ही काय करावं?’ असं विचारलं, तेव्हा त्याची उत्तरं अगदी रोखठोक होती: दोन अंगरखे असतील तर एक द्या, ठरल्यापेक्षा जास्त जकात घेऊ नका, धाक दाखवून कुणाचं लुबाडू नका (लूक ३).

आता आपल्या गावात बघा. दरवर्षी वखराचा एक तास पलीकडे सरकवून शेजाऱ्याचा धुरा, म्हणजे बांध, कोरणारा मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बसतो की नाही? कापूस वेचणाऱ्या बाईचं वजन काट्यात मारणारा? ‘चुकारा (विकलेल्या मालाचे पैसे) आला की देतो’ म्हणत निंदणाची मजुरी पोळ्यापासून दिवाळीपर्यंत लांबवणारा? हातमोजे, मास्क न देता मजुराच्या पाठीवर फवारणीचा पंप चढवणारा? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते विसरण्यासारखं नाही. याकोब ५:४ मध्ये दाबून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते, आणि ते ओरडणं सेनाधीश परमेश्वराच्या कानी जातं. दोन एकरवाल्याच्या हातूनही हे घडतं. नापिकीसाठी मात्र कुणीही पश्चात्ताप करायचा नाही. नापिकी हे पाप नाही आणि कर्जही नाही.

कृती अशी. एक तास एकटं बसा, फोन बाजूला ठेवा, वहीत चार रकाने आखा: कुणाचं, काय, किती, कसं परत करणार. ‘मी फार पापी आहे’ हे वाक्य त्यात लिहायचं नाही. ते खरं असलं तरी त्याआड काहीही लपतं. दुसऱ्याचं पापही लिहायचं नाही. भावानं वाटणीत फसवलं, ही तक्रार आहे, कबुली नव्हे. एका बैठकीत दोन-तीन नावं पुरेत. पंधरा लिहिली की एकाकडेही जाणं होत नाही. प्रार्थना-सभेत तिसऱ्या रात्री भरल्या डोळ्यांनी घेतलेला निर्णय दुसऱ्या दिवशी सकाळी चहानंतर वहीत उतरवा. तेव्हाही तो तसाच उभा राहिला तर धरा.

मग परतफेड. लेवीय ६ आणि गणना ५ मध्ये नियम आहे: कबुली, मूळ रक्कम पूर्ण, वर पाचवा हिस्सा. मजुराचे १,५०० रुपये दाबले असतील तर १,८०० द्यायचे. देणं असलेला माणूस मेला असेल तर जवळच्या नातलगाला, आणि तोही नसेल तरच ते परमेश्वराचं, म्हणजे याजकाकडे. क्रम नीट पाहा, दानपेटी शेवटी येते. मजुराचं बुडवून देवळात पंखा बसवणं हा पश्चात्ताप नाही. लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय तर येशू भेटल्यावर याहून पुढे गेला. आपणहून कबूल करणाऱ्याला पाचवा हिस्सा पुरत होता, पण त्यानं मेंढरू चोरून कापणाऱ्याचा चौपटीचा दंड स्वतःला लावून घेतला. एवढी ऐपत नसेल तर हप्ता ठरवा, पण तारखेसकट आणि त्या माणसासमोर. धुऱ्याचं असेल तर पेरणीआधी दोन्ही घरांसमोर तास मागे घ्या. वाद असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, आणि फी तुम्हीच भरा.

हे संकटाआधी का, तर संकटात हातात पैसा नसतो. राखेचा बुधवार ते ईस्टर हे रविवार सोडून चाळीस दिवस फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये कधीतरी येतात. तेव्हाच हरभरा, गहू घरात येतो आणि सालदाराचं साल पाडव्याला फिरतं. हिशेब चुकता करायला याहून बरी वेळ नाही. दुसरं म्हणजे वाईट साली माणूस एकटा पडतो तो बरेचदा जुन्या भांडणांमुळे. ज्याचा धुरा कोरला, त्याच्याकडे बैलजोडी कुठल्या तोंडानं मागणार?

सगळ्यात अवघड कबुली घरातली. बँक, कृषी केंद्राची उधारी, बचत गट, सावकार, गहाण पडलेलं मंगळसूत्र, सगळे आकडे एका कागदावर लिहून बायकोसमोर ठेवायचे. कर्ज पाप नाही, पण लपवण्यात खोटं शिरतं, आणि लपवलेलंच आतून पोखरतं. स्तोत्र ३२ मध्ये गप्प राहिलेल्याची हाडं झिजतात, ती याच कारणानं. हे ऐकताना कुणी ‘आता जगण्यात अर्थ नाही’ म्हणाला तर त्याला अविश्वासाचं प्रवचन देऊ नका. एकानं त्याच्याजवळ थांबावं, फवारणीचं औषध घरातून हलवावं, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत नंबर लावावा.

दु:ख कोणत्या दिशेनं नेतं, हेही तपासा. येशूला पैशासाठी धरून देणाऱ्या यहूदा या शिष्यानं कबुली दिली, पैसे मंदिरात फेकले आणि एकटाच निघून गेला. पेत्र या शिष्यानं येशूला ओळखत असल्याचं शपथेवर नाकारलं, ढसाढसा रडला, पण पुन्हा भावांमध्ये आला. सैतान गव्हासारखं चाळेल, हे येशूनं पेत्राला आधीच सांगितलं होतं, आणि वळलास की भावांना स्थिर कर, हेही त्याच दमात (लूक २२). एकदा कबूल करून फेडलेलं पाप रोज उकरून काढणारे यहूदाच्या वाटेला लागलेले असतात. कबूल केलेल्या पापाची देव क्षमा करतो, असं १ योहान १:९ सांगतं. त्यानंतर ते पान मिटायचं.

समर्पणाबद्दल तुमचा राग योग्य माणसांवर आहे, शब्दावर मात्र चुकीचा आहे. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनं आधी दु:खाचा प्याला टळावा म्हणून मागितलं, मग ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’ म्हटलं, आणि तिसऱ्या प्रार्थनेनंतर शिष्यांना म्हणाला, उठा, चला. प्रेषितांची कृत्ये २७ मध्ये जहाज वादळात सापडलं, तेव्हा कुणाचाही जीव जाणार नाही, असं वचन कैदी म्हणून जहाजावर असलेल्या प्रेषित पौलाला मिळालेलं होतं. तरी खलाशी पळू लागले तेव्हा त्यांना रोखायला त्यानंच सांगितलं. चौदा दिवसांच्या उपाशी २७६ माणसांना खायला लावलं, मग त्यांनी जहाजातला गहू समुद्रात टाकला. त्याआधी कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली तीही त्यानंच. म्हणून बेकायदा सावकाराविरुद्ध २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली सहकार खात्याच्या निबंधकाकडे तक्रार करणं, पीकविम्याचा दावा लावणं, यात अविश्वास नाही. ‘कर्ज फिटू दे, मग दशांश (मिळकतीचा दहावा हिस्सा) देईन’ हा मात्र नवस आहे, समर्पण नाही. इफ्ताहाचा नवस कुठं गेला ते शास्ते ११ मध्ये वाचा.

आणि मार खाणाऱ्या बाईला ‘समर्पण कर’ म्हणणाऱ्यांशी आमचं काही देणंघेणं नाही. तिथं पश्चात्ताप मारणाऱ्याचा, आणि क्षमा हक्कानं मागायचा अधिकार त्याला नाही.

शेवटच्या काळाची तारीख आम्ही कधी सांगितली नाही, सांगणारही नाही. तो दिवस कुणालाच ठाऊक नाही, हे मत्तय २४:३६ पुरेसं आहे.

आता तुमचा प्रश्न: पाळकासमोरच (चर्चच्या धर्मगुरूसमोरच) पापांगीकार, म्हणजे पापाची कबुली, करावा लागतो का? याकोब ५:१६ मध्ये ‘एकमेकांजवळ’ आहे. पाप जेवढ्यांना लागलं तेवढ्यांपुरतीच कबुली. सभेत माइकवर दुसऱ्याच्या बायकोचं नाव घेणाऱ्यानं स्वतःचं ओझं उतरवून तिच्या डोक्यावर ठेवलेलं असतं. ऐकणारा माणूस तोंडाचा घट्ट असावा, आणि त्याच्याशी तुमचा पैशाचा व्यवहार नसावा. पाळकाकडूनच हातउसने घेतले असतील, तर दुसरा कुणी बघा.