लग्नात आपलं काम काय?

जावा बेटावर क्लातेन जिल्ह्यातल्या एका खेड्यात लग्नाला जाऊन आलो. जकार्तात तीन वर्षं काढली, पण खेड्यातलं लग्न हे पहिलंच. ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या बहिणीचं.

दारात घडासकट केळीचे खांब, ऊस, शहाळी, भाताच्या लोंब्या. वर कोवळ्या झावळ्यांची पिवळी कमान. अंगणाच्या कोपऱ्यात खराट्याच्या काड्या उभ्या खोचलेल्या, टोकांना लाल मिरच्या आणि छोटे कांदे. पाऊस येऊ नये म्हणून. (आला. पण थोडाच.)

आता कमेंटमध्ये ‘बघा, आपली संस्कृती कुठवर पोचलीय’ सुरू होईल, म्हणून आधीच सांगतो: केळीचे खांब दोन्हीकडे दिसले याचं मला फार कौतुक नाही. केळी दोन्हीकडे पिकते. मला हेवा वाटला तो मागच्या अंगणाचा.

आम्ही परदेशी पाहुणे, म्हणून मला बाटिकचा शर्ट चढवून थेट पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसवलं. बायको मात्र आदल्या दिवशीच मागे सटकली. तिथे तीसेक बायका चटयांवर बसून लसूण सोलत होत्या, नारळ किसत होत्या. याला ‘रेवांग’ म्हणतात. लग्नघरी शेजारपाजार काही दिवस आधीपासून राबतो, पैशाचा प्रश्नच नाही. एकीने काही न बोलता हिच्यापुढे हळदीचं टोपलं सरकवलं. भाषा अर्धीमुर्धी, हात पिवळेधमक. रात्री झोपायला आली ती गावातल्या सगळ्या भानगडी ऐकूनच.

सकाळी निकाह लागला. मग गामेलान या जावी वाद्यवृंदाच्या सुरात नवरा-नवरी समोरासमोर आले आणि विड्याच्या पानांच्या सुरळ्या एकमेकांवर फेकल्या. नवऱ्याने पायाने अंडं फोडलं, नवरीने त्याचा पाय धुतला. ते आम्हा दोघांनाही आवडलं नाही. आपल्याकडेही आवडत नाही. पण नंतर नवऱ्याने धान्य आणि नाणी तिच्या ओच्यात ओतली, तेव्हा बायको माझ्याकडे बघून हसली.

जेवण बुफे नव्हतं. सगळे खुर्च्यांवर बसलेले आणि गावातली पोरं ताटल्यांचे ट्रे घेऊन धावतायत. आधी चहा, मग सूप, मग भात, मग बर्फाचं गोड. शेवटचं ‘कोंदुर’, म्हणजे आता घरी जा! या क्रमाच्या जावी शब्दांतल्या आद्याक्षरांचा त्यांनी ‘उस्देक’ असा शब्दच केलाय. वाढणाऱ्या पोरांत माझा सहकारीही होता, एरवी माझ्यासमोर एक्सेल उघडून बसणारा.

सगळं गोड नाही. कुणी किती तांदूळ, साखर, पाकीट दिलं ते वहीत उतरतं आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की फेडावं लागतं. लग्नसराईत लोकांचं कंबरडं मोडतं, हे सहकाऱ्यानेच सांगितलं. आपल्या आहेराच्या वहीचं दुखणं तेच होतं. आपण पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापून ते मिटवलं, आणि त्याच झटक्यात लसूण सोलणाऱ्या बायकाही घरी पाठवल्या. दुसरी गोष्ट करायची खरंच गरज होती का?

निघताना त्या बायकांनी हिला केळीच्या पानात बांधून भात दिला. माझ्याबरोबर सगळ्यांनी फोटो काढले.

परवा नाशिकहून पुतण्याच्या लग्नाचं आमंत्रण आलं. हिने वहिनींना फोनवर विचारलं, “आम्ही चार दिवस आधी येतो, काय काय करायचंय?”

“अगं काही नाही, सगळं इव्हेंटवाल्यांकडे दिलंय. तुम्ही फक्त तयार होऊन या.”