७२० बाय ५७६ मध्ये माणसं बारीक का दिसतात?

नमस्कार,

तुम्ही मनापासून करून पाहिलंत आणि मगच टीका केलीत, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं, की एचडी व्हिडिओ ७२० बाय ५७६ करा हा माझा सल्लाच चुकीचा. ७२० भागिले ५७६ म्हणजे ५:४, त्यातून १६:९ चित्र निघणार कुठून? माणसं उंच आणि बारीक झाली, शिवाय हलत्या हातांच्या कडा दातेरी दिसल्या. त्यापेक्षा सरळ १०२४ बाय ५७६ करावं, असं तुम्ही सुचवता.

भागाकार बरोबरच आहे, पण तो पिक्सेल चौरस धरून केलेला आहे. एचडीच्या १९२० बाय १०८० मध्ये ते चौरस असतात, पॅल एसडीमध्ये (आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या ७२० बाय ५७६ च्या पद्धतीत) नसतात. पडताळून पाहा. मूळ फ्रेममध्ये ४८० पिक्सेल व्यासाचं वर्तुळ काढा. ७२० बाय ५७६ केल्यावर ते १८० रुंद आणि २५६ उंच होतं. फाइलमध्ये ते असं उभट असायलाच हवं! प्लेअर दाखवताना प्रत्येक पिक्सेल ६४/४५ पट रुंद करतो, १८० चे २५६ होतात आणि वर्तुळ गोल दिसतं. एवढं ताणायचं हे प्लेअरला कळतं ते १६:९ च्या फ्लॅगवरून, म्हणजे चित्र कोणत्या प्रमाणात दाखवायचं हे सांगणाऱ्या फाइलमधल्या खुणेवरून. तुमच्याकडे गडबड तिथेच असणार. पडद्यावरच्या वर्तुळाची उंची भागिले रुंदी करा: १.४२ आली तर फ्लॅग नाही किंवा प्लेअर तो पाळत नाही, १.३३ आली तर फ्लॅग ४:३ चा पडलाय. दोन्ही वेळा व्हिडिओ पुन्हा लहान करायची गरज नाही, फ्लॅग तेवढा दुरुस्त करायचा.

संगणकावर किंवा फोनवरच पाहायचं असेल तर १०२४ बाय ५७६ जरूर करा, फ्लॅगची कटकटच नाही. डीव्हीडी करायची असेल तर मात्र तो आकार मानकातच बसत नाही.

जुन्या ४:३ टीव्हीसाठी काळ्या पट्ट्या फाइलमध्येच घालायच्या असतील तर चित्र ७२० बाय ४३२ करा, वर-खाली ७२-७२ ओळी काळ्या ठेवा आणि फ्लॅग ४:३ चा द्या. रुंद टीव्हीसाठी हे करू नका, १४४ ओळी फुकट जातात.

दातेरी कडांचा या प्रमाणाशी काही संबंध नाही. तुमचं मूळ चित्रण १०८०आय आहे, म्हणजे एका फ्रेममध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने टिपलेली दोन फील्ड (अर्ध्या ओळींची चित्रं) एकाआड एक ओळीत विणलेली असतात. तशीच फ्रेम उभी दाबली की दोन वेगवेगळे क्षण एकमेकांत कालवले जातात, आणि ते नंतर सुटे करता येत नाहीत. म्हणून आधी डीइंटरलेस करून, म्हणजे विणलेली फील्ड सुटी करून, सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम काढा, मग आकार बदला. डीव्हीडी हवी असेल तर शेवटी पुन्हा इंटरलेस करा. वेळ जास्त लागतो, पण या पायरीवर घाई केली तर सगळी मेहनत वाया जाते.

तुम्ही रंगांबद्दल विचारलेलं नाही, पण तेही तपासा. एचडीचं रंगगणित बीटी.७०९ या मानकाचं, एसडीचं बीटी.६०१ चं. हे रूपांतर राहिलं तर हिरवा आणि लाल किंचित सरकतात.